प्रल्हादाला लागलं का?

कोरेगावच्या मुलींच्या शाळेत पद्मावतीबाई मगदूम हेडमास्तरीण होत्या, लालासाहेब सुभेदार शाळा कमिटीचे चेअरमन होते, आणि शाळा चालवत होती राहीबाई. तिला अक्षर येत नव्हतं. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं ही तिची कागदावरची कामं. खरं काम सकाळचं, शाळा भरायच्या आधीचं.

गल्लीगल्लीतून ती दारोदार जाई. आई मुलीचं मनगट धरून उंबऱ्यापाशी येई. राहीबाई दुसरं मनगट धरी. पण आई आपला हात सोडायची नाही. राहीबाईनं "नेली तशी आनून दीन" म्हटलं, की मग सोडायची. ही रीत कुठल्या तरी संशयी आजीनं पाडली असणार. पण एका घरात पडली म्हटल्यावर सगळ्याच घरांना हवी झाली. रोज सकाळी एकतीस वेळा तेच वाक्य. संध्याकाळी उलट पावली तोच हिशेब: मनगट हातात देताना आई मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळे, उसनं दिलेलं पातेलं परत आल्यावर पोचा पडलाय का बघावा तसं.

हसायला सोपं आहे. पण राहीबाई यायच्या आधी या शाळेत अकरा मुली होत्या. पद्मावतीबाई सांगली भागातल्या, पुण्याला जाऊन कॉलेज शिकलेल्या. मुलींनी का शिकावं यावर त्यांनी चावडीसमोर तासभर भाषण केलं होतं. त्यानं एकही मुलगी आली नाही. त्या वाक्यानं वीस आल्या.

आणि गेल्या श्रावणात ते वाक्य खोटं पडलं.

झालं असं, की काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा जादूचा दिवा घेऊन एक सज्जन शाळेत आले. स्वच्छतेवर व्याख्यान. खिडक्या झाकल्या, भिंतीवर चित्र पडलं: माशी. घरातलीच माशी, पण म्हशीएवढी. पायांवर केस, डोळ्यांच्या जागी दोन चाळण्या. पहिलीतल्या मुली किंचाळल्या, दुसरीतल्या बाकांखाली गेल्या, दोघींना ताप भरला. सज्जन म्हणाले, "पण आता त्या अन्न उघडं टाकणार नाहीत!" खरंच होतं ते. नऊ मुली दिवाळीपर्यंत घराबाहेरच पडल्या नाहीत. राहीबाई रोज त्या नऊ दारांत उभी राहायची. त्यातल्या बनूच्या आईनं, शालूबाईनं, एक दिवस विचारलं, "नेलीस तशी कुटं आनलीस गं?" वर तपासनीस साहेबांचा कागद आला, की पुन्हा पट पंचविसाच्या खाली गेला तर चौथीचा वर्ग बंद होईल. चौथी बंद म्हणजे पुढं मुलींनी भाकऱ्या थापायच्या. पद्मावतीबाईंनी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, रोज दिसावा म्हणून.

अशात, सेहेचाळीस सालच्या जानेवारीत, पालीची यात्रा आटोपून एक तंबूचा सिनेमा कोरेगावात उतरला आणि त्याच्याबरोबर सुकुमार नावाचा एक काटकुळा माणूस पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन शाळेत आला.

"बाई, मी सांगली भागातला," तो म्हणाला. "मी एक सिनेमा काढलाय. म्हणजे काढलाय म्हणजे हातानं काढलाय. चित्रांचा."

"कार्टून?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

त्या एका शब्दानं तो असा खुलला, की त्याला खुर्ची द्यावी लागली. चार वर्षं तो आणि त्याची बायको सुरेखा काचेखाली दिवा लावून, पातळ कागदावर कागद ठेवून चित्रं काढत होते. पाच हजार चित्रं. प्रल्हादाची गोष्ट. लढाईत फिल्मवर कंट्रोल आलं, तेव्हा स्टुडिओतून उरलेले तुकडे गोळा करून कोल्हापूरच्या एका ओळखीच्या कॅमेरावाल्याकडून त्यानं एकेक चित्र टिपून घेतलं. खेळ दहा मिनिटांचा झाला. तंबूवाला तो मोठ्या मारामारीच्या चित्राआधी लावतो, आणि त्या दहा मिनिटांत लोक शेंगा आणायला जातात.

"मुलांसाठी केलाय हो मी तो," सुकुमार म्हणाला. "मुलं रात्री तंबूत येत नाहीत. तुम्ही लिहून द्या, 'मुलांनी पाहण्याजोगा'. तेवढ्यावर साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शाळा मला दिवसा खेळ लावू देतील. नाहीतर पाच हजार चित्रं शेंगांच्या टरफलांत गेली म्हणायची."

पद्मावतीबाईंची नजर काचेखालच्या कागदावर गेली. "आधी आम्ही बघू," त्या म्हणाल्या.

बघायचं ठरलं बाजारपेठेतल्या गुळाच्या गोदामात. गोदाम लालासाहेबांच्या भावकीतलं. उद्या मुलींना दाखवायचं तरी तिथंच. शाळेत तेवढा अंधार होत नव्हता. बघणारे तिघं: पद्मावतीबाई, लालासाहेब आणि राहीबाई.

"मी कशाला?" राहीबाई म्हणाली. "मला काय कळतंय शिनेमातलं?"

"उद्या एकतीस दारांत उभं कुणाला राहायचंय? मला?"

"व्हय की," म्हणून ती निघाली.

लालासाहेबांनी बरोबर नात आणली होती, सुलू, सहा वर्षांची. सुभेदार पंचवीस वर्षं पलटणीत काढून आलेले. मिशा अजून परेडवर असायच्या. गोदामात त्यांनी काठीनं खिडक्यांकडं बोट दाखवून पोती लावायची ऑर्डर दिली. नव्या गुळाच्या ढेपा छतापर्यंत रचलेल्या, वासानं जीभ आपोआप गोड होत होती. कौलातल्या एका भोकातून उन्हाची तार खाली आली होती आणि तिच्यात मुंगळे येत-जात होते. समोर ओला करून ताणलेला पडदा. बाहेर इंजिन धडधडलं, सुलूनं गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि पडद्यावर एक मूल चालत आलं.

काढलेलं मूल. काळ्या रेघेचं, डोळे मोठे, शेंडी उडणारी. पण चालत होतं. बोरू धरून पाटीवर 'नारायण' लिहीत होतं. राहीबाई पुढं सरकली.

"कुनाचं पोरगं हाय ह्ये?"

"कुणाचंच नाही, मावशी," मशीन फिरवता फिरवता सुकुमार म्हणाला. "काढलंय."

"काडलंय? मग हलतंय कसं?"

"खेळ संपल्यावर दाखवतो."

पद्मावतीबाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी आधीच तीन शब्द लिहून आणले होते: रक्त, अक्राळविक्राळ, आचरट. प्रत्येकापुढं खुणा करायच्या. शिकलेल्या माणसांची ही खोड असते. कुठली चूक सापडणार ते ती आधीच ठरवून बसतात.

हिरण्यकश्यपू आला. मिशा बैलाच्या शिंगांसारख्या, पण पोट सुटलेलं. 'अक्राळविक्राळ'पुढं खूण झाली नाही. सापांच्या खड्ड्यात पोराला टाकलं. सापांनी त्याच्या गळ्यात हार घातले. हत्तीच्या पायाखाली दिलं. हत्तीनं पाय उचलला आणि गुदगुल्या झाल्यासारखा मागं घेतला. मग सैनिकांनी पोराला कड्यावरून ढकललं. ते फिरत फिरत खाली आलं, जमिनीवर आपटलं आणि चेंडूसारखं वर उडालं. पुन्हा आपटलं, पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा मांडी घालून बसलं आणि हसलं. सुभेदार मांडीवर थाप मारून हसले. पद्मावतीबाईसुद्धा हसल्या.

राहीबाई पडद्याकडं बघत नव्हती. पहिली दोन मिनिटं बघितला असेल तेवढाच तिनं सिनेमा बघितला. पोरं सांभाळणारं माणूस तमाशा बघत नाही, तमाशा बघणाऱ्या पोराकडं बघतं. वीस वर्षांची सवय. ती सुलूकडं बघत होती. राक्षस आला तेव्हा सुलू गूळ चघळत होती. साप आले तेव्हा चघळत होती. कड्यावरून पोरगं पडलं आणि उडालं, तेव्हा तिचं चघळणं थांबलं. टाचा वर झाल्या. गुडघे जरासे वाकले.

पडद्यावर खांब कडाडला. नरसिंह आला, आयाळ ज्वाळांसारखी. पंजा उगारला, आणि सगळा पडदा धुरानं भरला. धूर विरला तेव्हा सिंहासनावर नुसती फुलं पडलेली होती. संपलं.

"आँ?" लालासाहेब उठून उभे राहिले. "आन पोट?"

"पोट म्हणजे?"

"आरं, पोट फाडायचं न्हवं का? उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन! हितं तर नुसता धूर! रगात कुटं हाय गड्या?"

सुकुमारनं मान खाली घातली. "काढलं होतं, सुभेदार. सात वेळा काढलं. आमच्या घरात मुंगी मारत नाहीत. हात चालला नाही. सुरेखा म्हणाली, धूर काढा."

पद्मावतीबाईंना ते कळलं. त्याही जैन घरातच वाढलेल्या. त्यांनी वही बघितली: तिन्ही शब्दांपुढं कोरं. त्यांना फार बरं वाटलं. माशीनंतर प्रथमच असं बरं वाटत होतं. "मला तर काही हरकत दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कुठं रक्त नाही, कुठं भीती नाही. सुभेदार?"

"पोरींस्नी चालंल. पलटनीत दावू नगा म्हंजे झालं."

"राहीबाई?"

"न्हाई," राहीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. "काय नाही?"

"पोरींस्नी न्हाई दावायचा."

"अगं, का? भीती कुठं आहे त्यात?"

"त्येच म्हंते मी. भ्याच न्हाई." आणि तिनं सुलूला जवळ ओढलं. "सुलू, बाळ, त्या पोराला लागलं का गं?"

"न्हाई."

"एवढ्या उच्चीवनं पडलं, आन लागलं न्हाई? का गं?"

"त्यानं देवाचं नाव घेतलं," सुलू म्हणाली. मोठ्यांना एवढं कळू नये याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

"मग तू नाव घेतलंस तर?"

"मला बी न्हाई लागनार."

"कुटनं मारशील उडी?"

सुलूनं गुळाच्या ढेपांकडं बघितलं, बाजारात फळ निवडावं तसं. मग मान हलवली. "हितनं न्हाई. आबांच्या माडीवरनं. तितनं लय उच्च हाय."

लालासाहेबांची माडी रस्त्यापासून पंधरा-सोळा फूट उंच आणि खाली फरशी. सुभेदारांनी नातीला उचलून कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, पाय खाली लोंबत होते, तरी घेतलं. "घरी जाऊन पयलं माडीच्या दाराला कुलूप," ते म्हणाले, नात ऐकेल असं मोठ्यानं, आणि मग सुकुमारवर वळले. "काप ते! कड्याचं काप!"

"कड्याचं कापलं तर हत्तीचं उरतं," सुकुमार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "हत्तीचं कापलं तर साप. सगळं कापलं तर गोष्ट कुठली? मी मुद्दाम हो, मुद्दाम लागू दिलं नाही त्याला. बघणाऱ्या मुलांना दुखू नये म्हणून."

पद्मावतीबाईंनी वही मिटली. कॉलेजात शिकलेलं तर्कशास्त्र त्यांनी मनातल्या मनात पुसून टाकलं. चांगल्या मनाच्या माणसानं मायेनं केलेली चूक. ती त्यांच्या तीन शब्दांच्या जाळ्यात सापडणार तरी कशी?

"मुलींना आधी चित्रं दाखवली तर?" त्या म्हणाल्या. "हे मूल खरं नाही, कागद आहेत, असं समजावून सांगितलं तर?"

सुकुमारनं ट्रंक उघडली. गठ्ठेच्या गठ्ठे. त्यानं एक गठ्ठा कडेला धरून अंगठ्यानं फर्रकन सोडला आणि प्रल्हाद चालला. राहीबाईनं "अगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मग गठ्ठा तिनं आपल्या हातात घेतला. पहिल्यांदा अंगठा अडखळला आणि पोरगं अडखळलं. हळू सोडला, पोरगं हळू चाललं. उलटा सोडला तर ते मागं मागं जात पाटीवरची अक्षरं पुसायला लागलं. पाच-सहा वेळा केलं तिनं. सुलू कडेवरून उतरून आली, दोघींची डोकी गठ्ठ्यावर. "परत कर, परत कर," सुलू म्हणत होती, आणि राहीबाई तिच्यासाठी करत होती की स्वतःसाठी, ते सांगणं कठीण होतं.

"हे बरं न्हवं," लालासाहेब म्हणाले. "देव कागदाचा हाय म्हनून पोरींस्नी सांगायचं? घरी जाऊन देव्हाऱ्याफुडं तसंच म्हनतील. मग आया नेतील शाळेत?"

तेही खरं होतं. देव खरा म्हणावा तर पोर माडीवरून उडी मारणार. कागदाचा म्हणावा तर आजी शाळा बंद पाडणार. पद्मावतीबाई डोक्याला हात लावून गुळाच्या ढेपेवर बसल्या. मुंगळे आहेत हेही त्या विसरल्या.

राहीबाईच्या हातात आता कड्याचा गठ्ठा होता. तो तिनं एकदाच सोडला. मग एकेक कागद बाजूला करून बघायला लागली. पोर पडलं, आपटलं, उडालं.

"हितला कागद कुटं हाय?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"आपटलं, आन उडालं. मधला कागद. लागलं तवाचा."

"लागलंच नाही ना, मावशी. भक्त प्रल्हाद तो."

"तुमाला कुनी सांगितलं लागलं न्हाई म्हनून?" राहीबाईचा आवाज चढला. "मेला न्हाई. वाचला. मी कुटं न्हाई म्हंते? माजा बी इस्वास हाय. पन लागलं असनारच की. कड्यावनं पडलं पोर. लागलं, आन तरीबी त्यानं नाव सोडलं न्हाई. ती भक्ती. न लागता नाव घ्यायला काय जातंय? कुनीबी घील."

चार वर्षांत सुकुमारनं कीर्तनकारांना विचारलं होतं, पोथ्या चाळल्या होत्या. हे कुणी म्हणालं नव्हतं.

"म्हणजे... रडायला लावू त्याला?"

"लगीच न्हाई रडत पोर." राहीबाईनं गठ्ठा खाली ठेवला. "तुमी बघितलंय का कवा पडलेलं पोर? जवळनं?"

"नाही. आम्हाला मूल नाही."

राहीबाईनं पदर खोचला. पंचेचाळिशीची बाई, अंगानं भक्कम. सगळ्यांच्या देखत ती गुळाच्या चिकट जमिनीवर उजव्या कुशीवर आडवी झाली. सुभेदारांनी तोंड फिरवलं. बाईमाणूस असं आडवं पडलेलं बघायची त्यांना सवय नव्हती.

"मी दा वर्साची हुते. मेढ्याच्या वर, आमच्या रानात. आय हिरडा गोळा करायला जायाची, गुंडा माज्याकडं. माजा भाऊ. चार वर्साचा." ती आडवी राहूनच बोलत होती, एखादं काम समजावून सांगावं तशी. "मी वर झाडावर. त्यो मागनं कवा चढला, कळलंच न्हाई. खडकावर पडला. ह्यो असा. आदी कायबी हलत न्हाई. डोळं उगडं. मंग बोटं हलत्यात. हातात काय हाय ते बघतंय पोर. ह्या कोपरावर भार देतंय, ह्यो बघा, ह्यो. पाय टेकत न्हाई. टेकून बघतंय, उचलतंय. मंग इकडं तिकडं बघतंय, कुनी बघतंय का. कुनी नसलं तर न्हाईच रडायचं. मी झाडावनं उतरले, त्यानं मला बघितलं, आन मग त्येनं भोंगा काडला."

ती उठली तशी. कोपर, गुडघा, टेकून उचललेला पाय. उजवा पाय ओढत दोन पावलं टाकली. सुलू दचकून आजोबांच्या धोतराला चिकटली. तिला ती पावलं आवडली नाहीत.

"परत," सुकुमार म्हणाला. कधी त्यानं कागद आणि शिसपेन्सिल घेतली होती ते कुणाला दिसलं नाही. "मावशी, परत एकदा. कोपरापासून."

राहीबाई परत पडली. परत उठली. चार वेळा. चौथ्या वेळी पद्मावतीबाईंनी तिला हात दिला; तिनं घेतला नाही. "आवं, हात दिल्यावर पोर तसं उटत न्हाई," म्हणाली.

गोदामाची दारं उघडली होती. ऊन कलायला लागलं तसं सुकुमार एकदा बाहेर बघे, एकदा कागदावर. सूर्य बुडायच्या आत त्याला जेवायचं होतं आणि जेवण अजून तंबूत होतं. त्या दिवशी तो उपाशी राहिला असणार. पण चाळीस कागद भरले.

"गुंडा आता...?" निघताना पद्मावतीबाईंनी हळूच विचारलं.

"हाय की. मेढ्यातच. दोर वळतो. पाय तसाच ऱ्हायला, पन दोराला पाय लागत न्हाई." आणि राहीबाई पदराला लागलेला गूळ खरडायला लागली.

सुकुमारला दाखल्याचा कागद मिळाला नाही. पद्मावतीबाई स्पष्ट म्हणाल्या, "बदलून आणा, मग बघू." तंबू वाईकडं गेला, सुकुमार कोल्हापूरला. बरेच जण अशा वेळी परत येत नाहीत. तो फाल्गुनात आला. दाढी वाढलेली, ट्रंक तीच, फिल्मची डबी एक जास्त, आणि मागं बैलगाडीत तंबूवाल्याकडून भाड्यानं आणलेलं मशीन.

या खेपेला कमिटी-बिमिटी नको, असं पद्मावतीबाईंनीच ठरवलं. त्यांनी, राहीबाईनं आणि सुलूनं सकाळी एकदा बघितला. सुलूनं पाहिला, घरी गेली, आणि माडीचं कुलूप काढलं तरी वर गेली नाही. तीन दिवस सुभेदारांनी स्वतः पाळत ठेवली, पलटणीतल्यासारखी, दिवसरात्र. चौथ्या दिवशी शाळेत येऊन त्यांनी रिपोर्ट दिला: "ऑल किलिअर."

मग एकतीस मुली गोदामात बसल्या. राहीबाई दाराशी उभी, पाठ पडद्याकडं, तोंड मुलींकडं. सापांना मुली हसल्या, हत्तीला टाळ्या पडल्या. कडा आला. मूल फिरत फिरत खाली गेलं आणि आपटलं, आणि उडालं नाही.

राहीबाईनं मागं वळून बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. एकतीस चेहऱ्यांवर तिला दिसत होतं: आता बोटं हलली. आता कोपर. आता पाय टेकला. "आई गं," कुणीतरी म्हणालं. दुसरीतली बनू नकळत स्वतःचं कोपर चोळत होती. मग सगळ्यांचे ओठ हलले, पडद्यावरच्या ओठांबरोबर, कारण मूल लंगडत लंगडत चाललं होतं आणि नाव घेत होतं. कुणी किंचाळलं नाही. बाकाखाली जायला बाक नव्हते, पण गेलंही नसतं कुणी.

संध्याकाळी तिनं एकतीस मनगटं एकतीस हातांत दिली. आयांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोचा नव्हता. तरी राहीबाईला तेवढ्यानं भरवसा वाटला नाही. माशीच्या दिवशीसुद्धा संध्याकाळी पोचा दिसला नव्हता. तो सकाळी दिसला होता, बंद दारांवर.

सकाळी पहिली तीन दारं उघडी होती. चौथं शालूबाईचं. बंद.

राहीबाईनं कडी वाजवली. आतून भांडी वाजली. दार उघडलं. शालूबाई कमरेवर हात ठेवून उभी, मागं बनू.

"काय दावलंस गं पोरीला काल?"

राहीबाईनं आधी मागच्या बनूकडं बघितलं. "का? काय झालं? भ्याली?"

"भीत कशाला? जीव खाल्ला माजा! जेवायला बसंना. म्हनती, त्या प्रल्हादाच्या कोपराला हळद कुनी लावली? मी म्हनलं, देवानं लावली. तर म्हनती, देव तवर आलाच न्हवता, त्यो मागनं खांबातनं आला. मी म्हनलं, मग आयनं लावली आसंल. तर म्हनती, आय कुटं हाय चित्रात? मी काय सांगू गं? मी बघितलाय का तुजा शिनेमा?" आणि तिनं बनूचं मनगट पुढं केलं. "घे. आन नीट इचारून ये बाईंस्नी. मला बी सांग."

अशी सात दारं झाली. कुठं हळद, कुठं चुन्याचं पाणी. एका घरात आजी आणि नात दोघी अडून बसल्या होत्या, की पाय मोडला असला तर बांबूच्या कामट्या बांधायला हव्यात, नुसत्या हळदीनं भागत नाही. शाळेत पोचायला त्या दिवशी उशीर झाला, कारण वाटेत मुलींचे दोन तट पडले आणि दोन्ही तट राहीबाईला साक्षीदार करत होते. घंटा वीस मिनिटं उशिरा झाली.

पद्मावतीबाईंनी हजेरी घेतली. एकतीस. त्यांनी पुन्हा मोजली. मग दौत पुढं ओढून सुकुमारचा कागद लिहायला घेतला. तो दाराबाहेर पायरीवर बसला होता. चौथीच्या मुलींनी त्याला घेरलं होतं आणि तो मान्य करत होता, की आई काढायची राहिली.

"राहीबाई, ऐक," पद्मावतीबाईंनी वाचून दाखवलं. "'हा खेळ मुलांनी जरूर पाहावा. पाहून झाल्यावर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यास एक मोठं माणूस जवळ असावं.' बरोबर आहे?"

राहीबाईनं दाराबाहेर बघितलं. सुकुमार पायरीवरून उठून भिंतीला टेकला होता. बनू त्याला कोपर दाखवत होती, नेमकी कुठं हळद लागायला हवी होती ते.

"एकानं भागायचं न्हाई, बाई," ती म्हणाली. "दोन ल्ह्या."